‘पी-एस-वाय-सी-एच’ : एका अक्षरसमूहाचे दीर्घ इंग्रजी शब्द, त्यांचे मराठी अर्थ आणि ठाण्याचे मनोरुग्णालय

प्रस्तावना

कल्याण-डोंबिवली परिसरात स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांमध्ये इंग्रजी शब्दांच्या लांबच लांब याद्या आढळतात. समान अक्षरे असणारे शब्द एकाखाली एक लिहायचे, त्या अक्षरांचा ग्रीक किंवा लॅटिन अर्थ समजून घ्यायचा आणि त्यावरून संपूर्ण शब्दाचा अर्थ काढायचा, अशी ही पद्धत आहे. ‘लॉजी’ म्हणजे शास्त्र, ‘ग्राफी’ म्हणजे लेखन, ‘फोबिया’ म्हणजे भय. ही सूत्रे एकदा पाठ झाली की वीस-बावीस अक्षरांचा शब्दही विद्यार्थ्याला भीती घालत नाही. अध्यापनाच्या दृष्टीने ही पद्धत उपयुक्त आहे, यात शंका नाही.

तथापि या पद्धतीमागे एक गृहीतक दडलेले आहे. शब्दाच्या घटकांचे अर्थ एकत्र केले की शब्दाचा अर्थ मिळतो, असे ते गृहीतक होय. दगड, वनस्पती किंवा यंत्र यांच्या नावांबाबत या गृहीतकामुळे फारसे बिघडत नाही. परंतु जो शब्द एखाद्या माणसाला लावला जातो, त्याच्या बाबतीत मात्र ते तपासून पाहणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात पी, एस, वाय, सी, एच ही पाच अक्षरे समान असणारे इंग्रजी शब्द आणि त्यांच्या परिवारातील काही निकटचे शब्द घेऊन, मराठीत त्यांचे अर्थ कसकसे घडत गेले, याचा आढावा घेतला आहे. या शब्दांचा ठाणे शहराशी विशेष संबंध आहे. शतकाहून अधिक काळ ठाण्याचे मनोरुग्णालय आणि त्या रुग्णालयामुळे ठाण्याचे नाव हे दोन्ही मराठी भाषेत एक विशिष्ट अर्थ वागवीत आले आहेत.

१. पाच अक्षरांचे मूळ

‘साइक’ हे मूळ ग्रीक भाषेतील आहे. ‘प्सुखे’ या ग्रीक शब्दाचा आरंभीचा अर्थ श्वास असा होता. श्वास म्हणजे जीवन, जीवन म्हणजे जीवात्मा आणि पुढे आत्मा व मन असा त्याचा अर्थविस्तार झाला. ग्रीक लिपीत या मूळातील पहिला ध्वनी ‘प्साय’ या एकाच अक्षराने आणि तिसरा ‘खाय’ या एका अक्षराने लिहिला जातो. लॅटिन लिपीत त्यांच्यासाठी प्रत्येकी दोन अक्षरे खर्ची पडली. त्यामुळे ग्रीकमधील तीन अक्षरांची इंग्रजीत पाच अक्षरे झाली आणि इंग्रजी उच्चारात पहिला ‘पी’ मुका राहिला. आपल्याकडील विद्यार्थ्यांनी यावर स्वतःचा उपाय शोधला आहे. ते ‘पिसायचोलॉगी’ असे म्हणून स्पेलिंग पाठ करतात. जुन्या मराठीत ‘पिसे’ म्हणजे वेड. हा निव्वळ योगायोग असला तरी तो लक्षात राहण्यासारखा आहे.

या मूळापासून शास्त्रीय संज्ञा बऱ्याच उशिरा तयार झाल्या. ‘सायकॉलॉजी’ची लॅटिन रूपे सोळाव्या शतकात वापरात आली. इ. स. १५९० मध्ये जर्मन तत्त्वज्ञ रूडोल्फ गॉक्लेनियस याने हे नाव ग्रंथशीर्षकात योजिले. अठराव्या शतकात क्रिस्तिआन वोल्फ याने १७३२ व १७३४ मधील आपल्या दोन ग्रंथांद्वारे ते रूढ केले. ‘सायकिअ‍ॅट्री’ या संज्ञेचे मूळ रूप योहान क्रिस्तिआन राइल या जर्मन वैद्याने १८०८ मध्ये घडविले. त्यातील उत्तरपदाचा संबंध ‘वैद्य’ या अर्थाच्या ग्रीक शब्दाशी आहे. १८७९ मध्ये विल्हेल्म वुंट याने लाइप्त्सिश येथे मानसशास्त्राची प्रयोगशाळा स्थापन केली. १८९६ मध्ये झिग्मुंड फ्रॉइड याने ‘मनोविश्लेषण’ या अर्थाची संज्ञा वापरली. भारतात कलकत्ता विद्यापीठात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात प्रायोगिक मानसशास्त्राच्या अध्यापनास आरंभ झाला आणि १९२२ मध्ये गिरींद्रशेखर बोस यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्थेची स्थापना केली. थोडक्यात, या शब्दांचे मूळ प्राचीन असले तरी शब्द स्वतः अर्वाचीन आहेत.

२. समान अक्षरांचे दीर्घ शब्द आणि त्यांचे अर्थ

या परिवारातील काही शब्द, इंग्रजी स्पेलिंगमधील अक्षरसंख्या आणि मराठी अर्थ पुढीलप्रमाणे देता येतील.

सायकॉलॉजी (१० अक्षरे) : मन आणि वर्तन यांचा अभ्यास करणारे शास्त्र, मानसशास्त्र.

सायकिअ‍ॅट्री (१० अक्षरे) : मनाच्या आजारांचे निदान व उपचार करणारी वैद्यकशाखा, मनोविकारशास्त्र किंवा मानसोपचारशास्त्र.

सायकोथेरपी (१३ अक्षरे) : संवादाच्या व अन्य मानसशास्त्रीय मार्गांनी केलेले उपचार, मानसोपचार.

सायकोसोमॅटिक (१३ अक्षरे) : मन व शरीर या दोहोंशी निगडित, मनोकायिक.

सायकोअ‍ॅनॅलिसिस (१४ अक्षरे) : मनोविश्लेषण.

सायकोपॅथॉलॉजी (१५ अक्षरे) : मनाच्या विकृत अवस्थांचा अभ्यास, मनोविकृतिशास्त्र.

सायकोफार्माकोलॉजी (१८ अक्षरे) : मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या औषधांचा अभ्यास.

सायकोन्यूरोइम्युनॉलॉजी (२१ अक्षरे) : मन, मज्जासंस्था आणि रोगप्रतिकारक्षमता यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास.

सायकोन्यूरोएंडोक्रिनॉलॉजी (२४ अक्षरे) : मन, मज्जासंस्था आणि अंतःस्रावी ग्रंथी यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास.

या यादीवरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, शब्द जितका लांब तितका तो घटकांवरून उलगडणे सोपे. चोवीस अक्षरांचा शेवटचा शब्द दिसतो भयंकर, परंतु त्याचा अर्थ त्याच्या चार तुकड्यांत पूर्णपणे सामावलेला आहे. याउलट दहा अक्षरांचे पहिले दोन शब्द वृत्तपत्रांतून आणि बोलण्यातून सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. मानसशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ यांच्यातील भेद सुशिक्षित घरांतही अनेकदा माहीत नसतो. वैद्यकीय पदवी असलेला मनोविकारतज्ज्ञ औषधे लिहून देतो. मानसशास्त्रज्ञ मानसशास्त्रीय चाचण्या, समुपदेशन वा मानसोपचार करतो. उपचारांसाठी प्रथमच बाहेर पडलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा असतो.

दुसरी गोष्ट अधिक लक्षणीय आहे. इंग्रजीतील एकाच मूळासाठी मराठीने ‘मानस’, ‘मनो’ आणि ‘चित्त’ अशी वेगवेगळी पदे योजिली. शास्त्रासाठी ‘मानस’, रोग व रुग्ण यांसाठी बहुधा ‘मनो’ आणि ‘सायकोसिस’सारख्या तीव्र आजारासाठी काही ठिकाणी ‘चित्तविकृती’, अशी ही विभागणी दिसते. ‘आत्मा’ हे पद मात्र या परिभाषेने जवळजवळ टाळले. ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ श्वास व आत्मा असतानाही मराठी परिभाषाकारांनी व्युत्पत्तीऐवजी प्रचलित अर्थाला प्राधान्य दिले. ही त्यांची निवड योग्य होती. पुढील काही शब्दांबाबत मात्र हा विवेक टिकून राहिला नाही.

३. मराठीतील पूर्वपरंपरा

इंग्रजी संज्ञा येण्यापूर्वी मराठीत या विषयाचे शब्द नव्हते असे नाही. ‘चरकसंहिते’त उन्माद या व्याधीचे वात, पित्त, कफ, सन्निपात आणि आगंतू असे पाच प्रकार सांगितले आहेत. लोकभाषेत वेड, खूळ, पिसे, भ्रम, चळ, झपाटणे, अंगात येणे असे अनेक शब्द होते व आहेत. या शब्दांचे वैशिष्ट्य असे की ते केवळ रोगाचे वाचक नव्हते. संतपरंपरेत विठ्ठलाचे वेड लागणे ही धन्यतेची अवस्था मानली गेली. आजही एखाद्याला गाण्याचे वेड आहे किंवा वाचनाचे खूळ आहे असे आपण कौतुकाने म्हणतो. ‘वेडा’ हा शब्द आई मुलाला मायेने वापरते आणि शेजारी शेजाऱ्याला तिरस्काराने. शब्दाला दंश आहे, पण तो प्रत्येक वेळी डसतोच असे नाही.

जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये व त्याची सुधारित आवृत्ती १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली. मोल्सवर्थ यांनी आरंभिलेला व टॉमस कँडी यांनी पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. या कोशांमुळे इंग्रजी शब्दासमोर मराठी प्रतिशब्द मांडण्याची शिस्त निर्माण झाली. पुढील अर्धशतकात शिक्षित मराठी माणसाच्या मनोविषयक शब्दसंपत्तीत मोठे स्थित्यंतर घडले. ‘मनोविकार’ या शब्दाचा इतिहास त्या दृष्टीने बोलका आहे. एकोणिसाव्या शतकात काम, क्रोध, लोभ, मत्सर, शोक हे मनाचे ‘विकार’ होते. ते प्रत्येक माणसात असतात असेच मानले जाई. गोपाळ गणेश आगरकर यांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे भाषांतर १८८३ मध्ये ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध केले. त्या शीर्षकातील ‘विकार’ म्हणजे प्रबळ भावना, आजार नव्हे. विसाव्या शतकात हाच शब्द वैद्यकाने घेतला आणि ‘मनोविकार’ म्हणजे मनाचा रोग हा अर्थ स्थिरावला. जो शब्द सर्वांना लागू होता तो काहींनाच लागू होऊ लागला. अर्थसंकोचाचे हे उदाहरण भाषाशास्त्राच्या वर्गात सांगण्याजोगे आहे, परंतु त्याचा सामाजिक परिणामही ध्यानात घेतला पाहिजे. ‘आपण सर्व’ आणि ‘ते’ यांच्यातील रेषा शब्दानेही आखली गेली.

४. ठाणे : संस्थेची बदलती नावे

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही रेल्वे सुरू झाली आणि १८५४ मध्ये ती कल्याणपर्यंत पोहोचली. वाचनसंस्कृतीच्या दृष्टीनेही हा परिसर अग्रेसर होता. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे. ठाण्यात विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने १८९३ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना झाली. मराठी ग्रंथ तेवढे एकत्र करावेत या हेतूने सुरू झालेली ही संस्था होती. त्यानंतर आठ वर्षांनी, १९०१ मध्ये, याच शहरात मनोरुग्णांसाठीची संस्था उभी राहिली. तिला नरोत्तमदास माधवदास यांचे नाव देण्यात आले होते. तत्पूर्वी मुंबई शहरात कुलाबा येथे अशी संस्था होती. रुग्णांना शहराच्या गजबजाटातून दूर ठेवणारी आणि तरीही लोहमार्गाने मुंबईशी जोडलेली जागा म्हणून ठाणे सोयीचे होते.

या संस्थेची नावे कालक्रमाने पाहिली असता विचारांतील बदल स्पष्ट होतो. आरंभीचे इंग्रजी नाव ‘ल्युनॅटिक असायलम’ या प्रकारचे होते. ‘ल्युनॅटिक’ या शब्दाचे मूळ लॅटिन ‘लुना’ म्हणजे चंद्र. चंद्रकलांच्या प्रभावाने मनुष्य भ्रमिष्ट होतो, या जुन्या युरोपीय समजुतीतून हा शब्द आला. आपल्याकडेही पुरुषसूक्तात चंद्राचा मनाशी संबंध जोडलेला आहे, परंतु तेथे त्यात रोगाची कल्पना नाही. ‘असायलम’ म्हणजे आश्रयस्थान. शब्द दयेचा, परंतु व्यवहार बंदोबस्ताचा. १८५८ च्या कायद्याने अशा संस्थांची व्यवस्था लावली. १९१२ च्या भारतीय ल्युनसी कायद्याने ‘ल्युनॅटिक’ची व्याख्या बुद्धिहीन किंवा विकल मनाची व्यक्ती अशी केली. १९२० च्या सुमारास देशभरातील या संस्थांना ‘मेंटल हॉस्पिटल’ हे नाव मिळाले. मराठीत ‘वेड्यांचे इस्पितळ’ हा लोकव्यवहारातील शब्द होता. पुढे शासनव्यवहारात ‘मनोरुग्णालय’ हा शब्द आला आणि आज ही संस्था ‘प्रादेशिक मनोरुग्णालय’ या नावाने ओळखली जाते. येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील रुग्णालयांसह राज्यातील अशा चार प्रमुख शासकीय संस्थांपैकी ती एक असून तिची मंजूर खाटांची संख्या १८५० अशी राहिलेली आहे.

कायद्याची भाषाही बदलत गेली. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १९९३ मध्ये अमलात आला आणि ‘ल्युनॅटिक’ हा शब्द जाऊन ‘मानसिक आजारी व्यक्ती’ अशा अर्थाची संज्ञा आली. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यात ‘मानसिक आजार असलेली व्यक्ती’ या अर्थाची शब्दयोजना आहे. प्रथम व्यक्ती, मग तिचा आजार, हा क्रम त्यामागे आहे. रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळदंडाने बांधण्यास या कायद्याने स्पष्ट मनाई केली आहे. ही मनाई २०१७ मध्येही लिहून ठेवावी लागली, यावरून नाव बदलणे आणि वागणूक बदलणे यांतील अंतर कळून येते.

लोकभाषा मात्र या सर्व नामांतरांपासून अलिप्त राहिली. मुंबई व कोकण परिसरात ‘याला ठाण्याला पाठवायला हवे’ हा वाक्प्रयोग पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. पुणेकर त्याच अर्थाने येरवड्याचे नाव घेतात, तर हिंदी भाषक आग्रा व रांचीचे. गावाचे नावच रोगाचा पर्याय होऊन बसावे असे हे भाग्य फारच थोड्या शहरांच्या वाट्याला आले असेल. तलावांचे शहर, पहिल्या रेल्वेचे शहर, मराठी ग्रंथसंग्रहालयाचे शहर अशी ठाण्याची ओळख सांगणाऱ्या माणसाला परगावी ‘कितव्या वॉर्डातून आलात?’ हा विनोद हमखास ऐकावा लागतो. ‘मेंटल हॉस्पिटल’मधील ‘हॉस्पिटल’ गळून ‘मेंटल’ हे विशेषण तेवढे शिवी म्हणून मराठीत रुजले. ‘वेडा’ या शब्दात जो थोडा लळा शिल्लक होता, तो ‘मेंटल’मध्ये मुळीच नाही.

५. परिभाषेचे युग आणि शब्दशः अर्थाचा पेच

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले. ‘पदनाम कोश’ १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे विविध शास्त्रविषयांचे परिभाषा कोश सिद्ध झाले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे कार्य सुरू होऊन त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रकाशित झाला. मराठीतून उच्च शिक्षण देता यावे यासाठी या पिढीने केलेले परिश्रम असामान्य आहेत. पुढील विवेचन त्या परिश्रमांना उणेपणा आणण्यासाठी नाही.

मनोविकारविषयक संज्ञांसाठी मराठीत तीन मार्ग अवलंबिले गेले. पहिला मार्ग घटकांच्या शब्दशः अनुवादाचा. दुसरा मूळ शब्द जसाच्या तसा स्वीकारण्याचा. तिसरा आधीच्या मराठी वा संस्कृत शब्दाला नवा अर्थ देण्याचा. तिन्हींचे एकेक उदाहरण पाहू.

पहिल्या मार्गाचे ठळक उदाहरण ‘स्किझोफ्रेनिया’ या तेरा अक्षरी शब्दाचे आहे. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये तो योजिला. ‘स्किझो’ म्हणजे दुभंगणे आणि ‘फ्रेन’ म्हणजे मन. विचार, भावना व वर्तन यांतील सुसंगती सुटणे हे ब्लॉयलर यांना अभिप्रेत होते. मराठीत याचे ‘छिन्नमनस्कता’ झाले. विश्वकोशात ‘छिन्नमानस’ हे रूप आहे. वृत्तपत्रांनी व चित्रपटांनी त्याचेच ‘दुभंगलेले व्यक्तिमत्त्व’ केले. येथे अर्थाची गल्लत झाली. एकाच माणसात दोन व्यक्ती नांदणे हा निराळा आणि विरळा विकार आहे. स्किझोफ्रेनियामध्ये भास व भ्रम होतात, प्रेरणा मंदावते, विचारांची साखळी तुटते. व्यक्ती मात्र एकच असते. शब्दाच्या घटकांनी येथे अर्थ सांगितला नाही, उलट झाकला.

‘न्यूरोसिस’चे उदाहरणही असेच. स्कॉटिश वैद्य विल्यम कलन यांनी अठराव्या शतकात तो शब्द मज्जासंस्थेच्या रोगांसाठी घडविला. पुढे फ्रॉइडनंतर तो चिंता, भयगंड इत्यादी विकारांसाठी वापरला जाऊ लागला, ज्यांत मज्जातंतूंना कोणतीही इजा आढळत नाही. मराठीने त्याचे ‘मज्जाविकृती’ असे भाषांतर करून इंग्रजीने मागे टाकलेला अर्थ पुन्हा जिवंत केला. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० च्या आपल्या वर्गीकरणात ‘न्यूरोसिस’ हा विभागच ठेवला नाही. मराठी पाठ्यपुस्तकांत मात्र ‘मज्जाविकृती’ त्यानंतरही दीर्घकाळ टिकून राहिली.

दुसऱ्या मार्गाचे उदाहरण ‘हिस्टेरिया’. याचे मूळ ग्रीक भाषेतील गर्भाशयवाचक शब्दात आहे. हा विकार स्त्रियांच्या गर्भाशयामुळे होतो, ही प्राचीन समजूत त्यात साठलेली होती. मराठीने हा शब्द उसना घेतल्यामुळे निदान ती समजूत शब्दाच्या अंगावर उघडपणे आली नाही. हा विकार बायकांचाच, हा ग्रह मात्र शब्दाबरोबर आलाच. तिसऱ्या मार्गाची उदाहरणे म्हणजे उन्माद, नैराश्य आणि वर उल्लेखिलेला मनोविकार. त्यांचे अर्थ लोकांना सहज कळतात. परंतु नैराश्य म्हणजे परीक्षेत अपयश आल्यावर वाटते ते की आठवडेच्या आठवडे अंथरुणातून उठू न देणारा आजार, हा संभ्रम राहतो.

या संदर्भात ‘रुग्ण’ या शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. संस्कृत ‘रुज्’ या धातूचा एक अर्थ मोडणे असा आहे आणि ‘रुग्ण’ म्हणजे मूलतः मोडलेला. त्या न्यायाने ‘मनोरुग्ण’ म्हणजे ज्याचे मन मोडले आहे तो. व्युत्पत्ती पाहता ‘छिन्न’ आणि ‘रुग्ण’ यांत फारसे अंतर नाही. पण ‘रुग्ण’ शब्दातील मोडतोड आज कोणालाही जाणवत नाही. तापाचा रुग्ण, हृदयरुग्ण, नेत्ररुग्ण अशा नित्य वापराने ती झिजून गेली आहे. ‘छिन्न’मधील छेद मात्र ऐकणाऱ्याला स्पष्ट दिसतो. शब्दाचा अर्थ त्याच्या अक्षरांत नसतो. तो वापरात असतो, आणि ऐकणाऱ्याच्या मनात तो काय उभे करतो त्यात असतो.

६. जपान व कोरिया यांचा अनुभव

हाच पेच अन्य आशियाई भाषांसमोरही आला होता. जपानी भाषेत स्किझोफ्रेनियासाठी ‘मन दुभंगण्याचा रोग’ या अर्थाची संज्ञा १९३७ पासून रूढ होती. १९९३ मध्ये रुग्णांच्या कुटुंबीयांच्या राष्ट्रीय महासंघाने ती बदलण्याची मागणी केली. या नावामुळे रुग्णाला त्याचे निदान सांगणेही डॉक्टरांना जड जात असे. प्रदीर्घ विचारविनिमयानंतर २००२ मध्ये तेथील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ‘एकसंधता ढळण्याचा विकार’ अशा अर्थाचे नवे नाव स्वीकारले. त्यानंतर केलेल्या पाहणीत, निदान सांगितल्या गेलेल्या रुग्णांचे प्रमाण तीन वर्षांत सुमारे ३७ टक्क्यांवरून ७० टक्क्यांपर्यंत वाढल्याचे आढळले. औषधे तीच होती आणि आजारही तोच होता. शब्द बदलल्यामुळे डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातील संवाद शक्य झाला.

दक्षिण कोरियाने २०११ मध्ये असाच बदल केला. तेथील नव्या संज्ञेत तंतुवाद्याच्या तारा जुळविण्याची कल्पना आहे. तार उतरली असेल तर ती पुन्हा सुरात आणता येते. दुभंगलेले सांधण्यापेक्षा उतरलेली तार लावणे हे अधिक आशेचे आणि रोगाच्या स्वरूपाशीही अधिक सुसंगत आहे. या दोन्ही देशांत नव्या शब्दाचा विचार कुटुंबीयांचे म्हणणे ऐकून झाला, हे विशेष उल्लेखनीय आहे. आपल्या परिभाषा समित्यांत विषयतज्ज्ञ व भाषातज्ज्ञ यांना स्थान होते. ज्यांना हे शब्द लावले जाणार होते त्यांना असे स्थान देण्याची कल्पनाच त्या काळी नव्हती.

७. वर्गातील एक अनुभव

प्रस्तुत लेखिकेच्या वर्गातील एक विद्यार्थी प्रत्येक महिन्यात एक ठरावीक दिवस गैरहजर राहत असे. विचारणा केल्यावर ‘ठाण्याला काम असते’ एवढेच उत्तर मिळे. पुढे बऱ्याच काळाने त्याने सांगितले की, घरातील एका व्यक्तीच्या औषधांसाठी त्याला रुग्णालयात जावे लागते. घरातही त्या जागेचे नाव कोणी घेत नाही, ‘ठाण्याला जाणे’ असेच म्हणतात. ज्या शब्दांनी इतरांचा विनोद होतो, त्याच शब्दांच्या आड त्या कुटुंबाने आपले दुःख ठेवले होते. तो विद्यार्थी इंग्रजी शब्दांच्या यादीत हुशार होता. ‘स्किझो’ म्हणजे काय, हे त्याला वर्गात इतरांच्या आधी सांगता आले होते. त्या वेळी त्याला काय वाटले असेल, याची कल्पना लेखिकेला तेव्हा नव्हती. शब्दार्थ सांगून झाल्यावर लेखिकेने फळा पुसला आणि पुढचा शब्द लिहिला, एवढेच स्मरते.

याच ठाणे शहरात दुसरा प्रवाहही आहे, याची नोंद करणे न्याय्य ठरेल. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ या संस्थेची स्थापना केली. या संस्थेच्या नावात रोग नसून आरोग्य आहे. मानसिक आरोग्याविषयी सुबोध मराठीत बोलण्याची व लिहिण्याची परंपरा तिने या परिसरात रुजविली. २००४ च्या सुमारास आलेल्या सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ या चित्रपटाने स्किझोफ्रेनिया हा विषय मराठी प्रेक्षकांसमोर सहानुभूतीने मांडला. अशा प्रयत्नांमुळे ‘स्किझोफ्रेनिया’ हा मूळ शब्दच आज अनेक मराठी कुटुंबांत वापरला जातो. ‘छिन्नमनस्कता’ हा प्रतिशब्द कोशात राहिला. भाषाभिमान्यांना हे खटकेल, परंतु कुटुंबांनी केलेली ही निवड समंजस आहे. परका शब्द कठीण असला तरी त्याने मनावर घाव होत नाही.

निष्कर्ष

१. समान अक्षरे असणाऱ्या दीर्घ इंग्रजी शब्दांचा घटकशः अभ्यास शास्त्रांच्या नावांबाबत उपयुक्त ठरतो. आजारांच्या नावांबाबत तो अपुरा आणि प्रसंगी दिशाभूल करणारा ठरतो. ‘छिन्नमनस्कता’ व ‘मज्जाविकृती’ ही त्याची ठळक उदाहरणे आहेत.

२. ‘साइक’ या मूळासाठी ‘आत्मा’ न योजता ‘मन’ योजणाऱ्या मराठी परिभाषाकारांनी व्युत्पत्तीपेक्षा प्रचलित अर्थाला महत्त्व दिले होते. हाच निकष रोगनामांनाही लावणे आवश्यक आहे.

३. ठाण्यातील संस्थेचे नाव ‘असायलम’पासून ‘मनोरुग्णालया’पर्यंत आणि कायद्यातील संज्ञा ‘ल्युनॅटिक’पासून ‘मानसिक आजार असलेली व्यक्ती’पर्यंत बदलली. लोकभाषेतील वाक्प्रयोग मात्र त्या गतीने बदलले नाहीत. हे काम कायद्याचे नसून शिक्षणाचे आहे.

४. २०१७ च्या कायद्यानुसार मानसिक आजाराचे निदान जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणासारख्या मान्य निकषांवर व्हावयाचे आहे. त्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्या अनुषंगाने मराठी संज्ञांचे पुनर्परीक्षण होताना रुग्ण व त्यांचे कुटुंबीय यांचा सहभाग असावा, असे जपान व कोरिया यांच्या अनुभवावरून सुचविता येईल.

५. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आहे. भाषेच्या प्राचीनतेचा अभिमान योग्यच आहे. त्याबरोबरच आपल्यातील दुखावलेल्या माणसाचा आजार सांगताना ही भाषा कोणते शब्द वापरते, हेही तिच्या सामर्थ्याचे एक गमक मानावे.

महाविद्यालयीन अध्यापकांकडून या संदर्भात फार मोठी अपेक्षा नाही. अशा शब्दांची यादी फळ्यावर लिहिताना प्रत्येक शब्दासमोर त्याचे घटक आणि अर्थ लिहून थांबू नये. तो शब्द कोणाला लावला जातो, हेही एका वाक्यात सांगावे. वर्गात बसलेल्यांपैकी कोणाच्या घरी तो शब्द आधीच पोहोचलेला आहे, हे आपल्याला ठाऊक नसते.